एमाउस समुदाय : बेघर पुरुषांच्या पुनर्वसनाची एक वाट

रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला एका रात्रीचा निवारा मिळाला, तरी सकाळी तो पुन्हा रस्त्यावरच येतो. व्यसन, तुरुंगवास किंवा कुटुंबातील ताटातुटीने विसकटलेले आयुष्य सावरण्यासाठी त्याला छपराबरोबरच पुरेसा वेळ, हाताला काम आणि हक्काची माणसे लागतात. हे सारे एकत्र देणाऱ्या पुनर्वसन निवासांपैकी फ्रान्समधील एमाउस समुदाय विशेष प्रसिद्ध आहेत.

प्रारंभ

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये घरांची तीव्र टंचाई होती. 'आबे पिएर' या नावाने ओळखले जाणारे कॅथोलिक धर्मगुरू (१९१२-२००७) तेव्हा फ्रान्सच्या संसदेचे सदस्य होते. पॅरिसजवळ मोडकळीस आलेले एक मोठे घर त्यांनी दुरुस्त केले आणि त्याला 'एमाउस' हे नाव दिले. संत लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊस गावाचे हे फ्रेंच रूप होय. निराश झालेल्या दोन शिष्यांनी तेथेच, भाकर मोडली जात असताना, पुनरुत्थित प्रभूला ओळखले.

१९४९ साली दीर्घ शिक्षा भोगून परतलेला जॉर्ज नावाचा माणूस आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचला. त्याला देण्यासारखे फादरांजवळ काही नव्हते. उलट बेघर कुटुंबांसाठी घरे बांधण्यास त्यांनी त्याच्याकडेच मदत मागितली. असा जॉर्ज एमाउसचा पहिला 'साथी' झाला.

१ फेब्रुवारी १९५४ रोजी, कडाक्याच्या थंडीत, आबे पिएर यांनी रेडिओवरून मदतीचे आवाहन केले आणि हे कार्य देशभर पोहोचले. १९५६ पासून फ्रान्समध्ये हिवाळ्यात भाडेकरूंना घराबाहेर काढण्यास कायद्याने मनाई आहे.

कार्यपद्धती

लोकांनी दिलेले जुने फर्निचर, कपडे व उपकरणे साथी गोळा करतात, दुरुस्त करतात आणि विकतात. त्या उत्पन्नावर समुदाय चालतो. साथीला खोली, जेवण व थोडा भत्ता मिळतो. मुक्कामाची ठरावीक मुदत नसते. कोणी काही महिन्यांत स्वतःच्या पायावर उभा राहून निघतो, तर कोणी अनेक वर्षे राहतो. प्रारंभी बहुतेक साथी एकटे पुरुष होते; आज स्त्रिया आणि कुटुंबेही तेथे राहतात.

एक कटू सत्य

जुलै २०२४ मध्ये एमाउस संघटनांनी स्वतःच आबे पिएर यांच्याविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे आणखी तक्रारी उघड झाल्या. २०२५ मध्ये त्यांच्या नावे असलेल्या प्रतिष्ठानानेही आपले नाव बदलले. पीडितांचे दुःख कोणत्याही सत्कार्याने पुसले जात नाही. मात्र समुदायांचे काम थांबलेले नाही, कारण ते प्रारंभापासून साथींच्याच श्रमांवर उभे आहे.

आपल्यासमोरील प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे १७.७ लाख लोक बेघर होते. शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निर्देशित केले. निवारे हवेतच, पण त्यांच्यापुढची पायरीही हवी. आपल्या चर्चच्या दारापाशी बसणाऱ्या माणसाला आपण नाणे देतो. त्याचे नाव आणि त्याला येणारे काम आपण कधी विचारले आहे का? जॉर्जला नवे जीवन मिळाले ते भिक्षेतून नव्हे, तर कोणाला तरी आपली गरज आहे या जाणिवेतून.