शिराळ्याच्या ताटात खाडी

डोळे मिटा, दोनशे वर्षं मागं जा आणि उघडा. आधी शिंका! पुढच्या बैलावर मिरचीची गोणी आहे आणि वारा नेमका तुमच्याकडं. शिराळ्याहून निघालेला तांडा वारणा ओलांडून, मलकापूर मागं टाकून अणस्कुरा घाटाशी आलाय. "पाव्हणं, नाकाला फडकं बांधा की," बैलवाला हसतो. फडक्याला बैलाच्या घामाचा वास. घाट फरसबंद आहे खरा, पण झिजलेल्या दगडांवर टाच ठरत नाही. उतरता उतरता पोटऱ्या लटलट कापायला लागतात.

खाली राजापूरची खाडी. हवा एकदम ओली, सदरा पाठीला चिकटलेला. बंदरावर मीठ, नारळ, हमालांचा गलका. तिथं रमू नका, ओहोटी लागलीय. कांदळवनात चला.

आधी घोटा, मग पोटरी, मग गुडघा. चिखल तुम्हाला गिळतोय आणि वर सडक्या अंड्यांचा दर्प. "उभे रवू नका, रुतशाल!" कालवं काढणारी बाई ओरडते. तिवराची वर आलेली मुळं तळव्याला टोचतात. पायाजवळून निवटी उडी मारते. मासा असून चिखलावर हिंडणारी ही बया तुमच्यापेक्षा बरी चालते.

वाका जरा. कांदळाचं एक पिवळं पान आत्ताच पडलं. चिमुकला खेकडा त्याची कड धरून बिळाकडं ओढतोय. पान मुळाला अडतं. तो फिरून दुसरी बाजू धरतो, पुन्हा ओढतो. असलं तुरट, चामड्यासारखं पान कोण खाणार? खेकडा खातो, निम्मंअर्धं सांडतो. सांडलेल्यावर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि बुरशी चढतात. आपली आंबील आंबते, तसंच म्हणा. त्या चोथ्यावर नखाएवढी कोळंबीची पोरं पोसतात. मुळांच्या जाळीत मोठा मासा सहसा शिरत नाही. तांबोशी मासा मात्र कडेला टपून बसलेला.

पुढं कुठल्याशा ओहोटीला हा चोथा जैतापूरकडं, खाडीच्या तोंडाशी वाहत जातो. तिथल्या गाळात बोय मासे चरतात. अंगानं भरलेली कोळंबीही समुद्राची वाट धरते. (सगळं श्रेय पानांना देऊ नका. चिखलावरचं हिरवट शेवाळही भरपूर राबतं, आणि समुद्रात आत जावं तसा पानांचा वाटा घटत जातो. पानापासून माशापर्यंतची ही साखळी शास्त्रज्ञ ओडम आणि हील्ड यांनी फ्लोरिडात मांडली ती १९७२ साली. कालववालीला तोवर थांबायला सवड नाही.)

यातलंच काही जाळ्यात येतं. पुळणीवर त्याची सुकट वाळतेय. माश्या, कावळे, डोळ्यांत खारं ऊन. मिरची देऊन सुकट घ्या आणि परत घाट चढा. जाताना शिंका होत्या, येताना गावोगावची कुत्री मागं लागतात.

शिराळा. चूल. तव्यावर सुकट तडतडली की शेजारीण न बोलावता उंबऱ्यात. कांदा, भाकरी, पहिला घास. दाताखाली कचकन वाळू येते.