संगणकाच्या पडद्यावरील दवंडी : 'नेट सेंड' आज्ञेचा उदय, वापर आणि अस्त
(अंबरनाथ परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

सार्वजनिक सूचना देणे हे समाजजीवनाचे फार जुने अंग आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात हे काम दवंडीने होत असे. दवंडी देणे हे महार वतनाच्या कामांपैकी एक होते. म्हणजे हुकूम पाटलाचा आणि आवाज वतनदाराचा. तरीही हुकूम कोणाचा आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे आणि दवंडीची हद्द गावापुरती असे. औद्योगिक वस्त्यांत हे स्थान कारखान्याच्या भोंग्याने घेतले. अंबरनाथ पश्चिम येथे १९५३ साली आयुधनिर्माणी सुरू झाली. अशा कारखानी गावांत पाळी भरल्याची आणि सुटल्याची वेळ भोंगाच सांगत असे. पुढे कार्यालयांत आणि महाविद्यालयांच्या संगणककक्षांत परस्परांशी जोडलेले संगणक आले, तेव्हा याच कार्यासाठी 'नेट सेंड' ही आज्ञा रूढ झाली. दुसऱ्याचे काम थांबवून त्याच्यापुढे सूचना ठेवण्याचा अधिकार कोणाला असावा, या प्रश्नाच्या अनुषंगाने या आज्ञेच्या इतिहासाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका

एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत १९६०च्या दशकात विकसित झाली आणि त्याबरोबर परस्परांना संदेश पाठविण्याची गरजही निर्माण झाली. १९७१ साली युनिक्स प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत 'राइट' ही आज्ञा होती. तिच्यामुळे एका वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या पडद्यावर थेट उमटत असे. त्याच आवृत्तीत 'मेसेज' शब्दाचा संक्षेप असलेली 'मेसग' नावाची दुसरी आज्ञा होती, ही बाब अधिक महत्त्वाची आहे. तिच्या साहाय्याने वापरकर्त्यास असे संदेश नाकारता येत. सूचना देण्याची सोय आणि ती नाकारण्याची मुभा या दोन्ही गोष्टी अशा प्रकारे जोडीनेच जन्माला आल्या.

'नेट सेंड'चे स्वरूप व वापर

मायक्रोसॉफ्टच्या लॅन मॅनेजर या प्रणालीतून आलेली ही आज्ञा १९९३ सालच्या विंडोज एन.टी.मध्ये समाविष्ट झाली. आज्ञारेषेवर 'नेट सेंड' हे शब्द, त्यापुढे संगणकाचे नाव आणि मजकूर टाइप केला की त्या संगणकाच्या पडद्यावर एक चौकट उघडत असे. पाठविणाऱ्याचे नाव, दिनांक, वेळ आणि मजकूर तीत दिसे. खाली 'ओके' हे एकच बटण असे. नावाच्या जागी तारांकित चिन्ह दिल्यास संदेश अनेक संगणकांवर एकाच वेळी पोहोचे. विंडोज ९५ व ९८ मध्ये मात्र त्यासाठी 'विनपॉपअप' हा छोटा प्रोग्राम चालू ठेवावा लागत असे.

सर्व्हर बंद होण्याची पूर्वसूचना आणि छपाई पूर्ण झाल्याची वार्ता हे या सेवेचे नित्याचे उपयोग होत. वीजपुरवठा खंडित झाल्यास यू.पी.एस.शी जोडलेला सर्व्हर हीच सेवा वापरून कर्मचाऱ्यांना काम जतन करण्याचा इशारा देऊ शके. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राने भारनियमनाचा दीर्घ काळ अनुभवला. त्या पार्श्वभूमीवर या सोयीचे मोल सहज लक्षात येते.

या रचनेत एक उणीव मात्र होती. संदेश नको असल्यास ती सेवाच बंद करावी लागे आणि त्यासाठी सामान्यतः व्यवस्थापकाचे अधिकार आवश्यक असत. युनिक्सने सामान्य वापरकर्त्यास दिलेली नकाराची मुभा येथे उरली नव्हती. जोडलेले सर्व संगणक विश्वासू माणसांच्या हाती आहेत, हे गृहीतक या रचनेच्या मुळाशी होते.

ऱ्हासाची कारणे

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. जगभर अशा जोडण्या वाढल्या आणि कार्यालयाच्या चार भिंतींत वावरणारी ही सेवा बाहेरच्यांच्या आटोक्यात आली. २००२च्या सुमारास अनोळखी जाहिराती याच चौकटीतून पडद्यावर येऊ लागल्या. पाठविणाऱ्याचे नाव खोटे घालणेही कठीण नव्हते. नोव्हेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डी स्क्वेअर्ड सोल्यूशन्स या संस्थेविरुद्ध कारवाई केली. अशा चौकटी बंद करणारे सॉफ्टवेअर विकण्यासाठी ही संस्था त्याच चौकटींचा मारा करीत होती, असा आयोगाचा आरोप होता. त्याआधीच्याच महिन्यात या सेवेतील गंभीर सुरक्षादोष जाहीर झाला होता. परिणामी ऑगस्ट २००४च्या विंडोज एक्स.पी. सर्व्हिस पॅक २ मध्ये ती मुळातच बंद ठेवण्यात आली आणि २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टातून वगळण्यात आली. मर्यादित कामासाठी 'एमएसजी' ही आज्ञा मागे राहिली.

गरजेचे सातत्य

साधन गेले तरी गरज संपली नाही. २६ जुलै २००५च्या अतिवृष्टीत उल्हास नदीच्या पुराने बदलापूर, उल्हासनगर, कल्याण हा पट्टा जलमय झाला. जुलै २०१९ मध्ये बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. ज्याचा क्रमांक ठाऊक नाही, पण जो धोक्याच्या जागी उभा आहे, अशा माणसास सावध कसे करावे, हा प्रश्न अशा प्रसंगी तीव्र होतो. २०२३ साली देशात चाचणी झालेली सेल ब्रॉडकास्ट पद्धत याच प्रश्नास उत्तर देते. ठरावीक मनोऱ्यांच्या टप्प्यातील सर्व भ्रमणध्वनींवर तीत एकाच वेळी संदेश झळकतो. पाठविण्याचा अधिकार शासकीय यंत्रणेकडे राहतो आणि संदेशाची हद्द भूभागाने ठरते.

निष्कर्ष

१. 'नेट सेंड'चा अस्त केवळ तांत्रिक दोषामुळे झाला नाही. विश्वासाची हद्द मोडली, पण त्या हद्दीत शोभणारा अधिकार तसाच खुला राहिला, हे त्याचे मूळ कारण होय.

२. दवंडीत असलेली हुकूमकर्त्याची ओळख आणि क्षेत्राची मर्यादा ही दोन्ही तत्त्वे सेल ब्रॉडकास्टमध्ये नव्या रूपात परत आलेली दिसतात.

३. वारंवार आणि अकारण वाजणाऱ्या भोंग्याकडे लोक लक्ष देईनासे होतात. उल्हास खोऱ्यासारख्या पूरप्रवण आणि औद्योगिक पट्ट्यात इशाऱ्याची विश्वासार्हता हाच त्याचा खरा आधार आहे. म्हणून पाठविणाऱ्याचा संयम हा अशा यंत्रणेचा तंत्राइतकाच आवश्यक भाग मानला पाहिजे.