पाय अडखळतात आणि दिवसा डुलकी लागते: मेंदूतील ‘पीपीएन’ केंद्राची ओळख

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक बहुधा दोन तक्रारी सांगतात. दाराचा उंबरा आला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि दिवसभर खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागते. पहिली गोष्ट आजार म्हणून सांगितली जाते, दुसरी म्हातारपण किंवा आळस म्हणून. प्रत्यक्षात मेंदूतला एकच छोटासा भाग या दोन्हींशी संबंधित आहे.

हे केंद्र कुठे असते आणि काय करते?

मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठासारख्या भागाला मस्तिष्कस्तंभ किंवा ब्रेनस्टेम म्हणतात. त्याच्या वरच्या भागात डाव्या-उजव्या बाजूला पेशींचा एकेक पुंजका असतो. त्याचे नाव पेडंक्युलोपोंटाइन न्यूक्लिअस, थोडक्यात पीपीएन. इथल्या अनेक पेशी अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन वापरतात. त्यांचे काही तंतू वर थॅलॅमसकडे जाऊन मेंदूला जागे ठेवायला मदत करतात. काही खालच्या केंद्रांकडे जाऊन पाऊल उचलणे, तोल सांभाळणे आणि स्नायूंचा ताण यांत भाग घेतात.

१९६६ मध्ये शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मोठ्या मेंदूशी संबंध तोडलेल्या मांजराच्या याच परिसरात सौम्य वीजप्रवाह दिला. मांजर चालू लागले. प्रवाह वाढवला तसे ते दुडक्या चालीने आणि मग भरधाव पळू लागले. म्हणजे प्रत्येक पाऊल आपण ठरवून टाकत नाही. धुऱ्यावरून गप्पा मारत जाणारा शेतकरी पायांकडे लक्ष देत नाही, कारण ते काम खालची केंद्रे परस्पर करत असतात.

पार्किन्सन्समध्ये काय बिघडते?

या आजारात डोपामिन कमी होते, हे बहुतेकांना माहीत असते. पण पीपीएनमधल्या पेशीही मरतात. लेव्होडोपाची गोळी डोपामिनची उणीव भरते, अ‍ॅसिटिलकोलीनची नाही. म्हणूनच हाताची थरथर आणि ताठरपणा कमी होऊनही पाय अडकणे आणि पडणे काही रुग्णांत तसेच राहते. याचा अर्थ गोळी निरुपयोगी आहे असा नाही. पाय अडकणे गोळीचा असर उतरल्यावर होते की असर चालू असतानाही, हे आठवडाभर वहीत वेळेसह लिहा. त्या एका नोंदीवरून डॉक्टरांना डोस बदलायचा की दुसरा उपाय शोधायचा, हे ठरवता येते.

दिवसा झोप येण्याची इतर कारणेही असतात. रात्रीची अपुरी झोप, घोरणे, तसेच प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोलसारखी औषधे. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, लघवीच्या काही गोळ्या आणि ट्रायहेक्सिफेनिडिल अ‍ॅसिटिलकोलीनला अडवतात. त्यामुळे सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून दाखवायला न्या. मात्र कोणतेही औषध स्वतःहून एकाएकी बंद करू नका.

पाय अडकला तर घरच्यांनी काय करावे?

हात धरून ओढू नका आणि ‘चला, चला’ अशी घाई करू नका. त्याने माणूस बहुधा पुढे पडतो. आधी थांबू द्या, एक श्वास घेऊ द्या, अंगाचा भार डावीकडे-उजवीकडे झुलवायला सांगा आणि मग एक मोठे पाऊल टाकायला लावा. ‘एक-दोन, एक-दोन’ असा ताल दिल्यास किंवा जमिनीवर पावलाच्या अंतराने चिकटपट्ट्या लावल्यास अनेकांचा पाय सुटतो. आपोआप होणारी चाल बिघडली असताना डोळे आणि कान मेंदूला दुसरी वाट देतात. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग घेतात, तिथेही ताल हाच आधार असतो. वळताना जागेवर गर्रकन फिरू नये, मोठा वळसा घ्यावा. चालताना बोलायला लावू नये.

पीपीएनमध्ये इलेक्ट्रोड बसवण्याचे प्रयोग २००५ पासून झाले. काहींना फायदा झाला, पण परिणाम एकसारखे नाहीत, म्हणून ती नेहमीची शस्त्रक्रिया झालेली नाही. नेहमीची डीबीएस मेंदूच्या वेगळ्या भागात करतात, आणि लेव्होडोपाने न सुटणारे पाय तिनेही सहसा सुटत नाहीत. शेत विकून खर्च करण्याआधी हे स्पष्ट विचारून घ्या.

हा दुसरा आजार तर नाही?

आपल्या भंडारा-गोंदियाकडे पाय ताठ झाले की जुनी माणसे लाखोळीच्या डाळीचे नाव काढतात. महिनोन्महिने तीच मुख्य अन्न असेल तर पाय ताठ होऊन कात्रीसारखे पडतात खरे, पण त्यात पाय अधूनमधून चिकटत नाहीत आणि दिवसा गुंगीही येत नाही. आजाराच्या पहिल्याच वर्षात रुग्ण वारंवार मागे पडत असेल आणि खाली बघायला त्रास होत असेल, तर पीएसपी हा वेगळा आजार असू शकतो. तेव्हा न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. भंडाऱ्याहून नागपूरचे मेडिकल किंवा एम्स जवळ पडते.

चाल एकाएकी बिघडली, सोबत गुंगी, दोन-दोन दिसणे, बोबडे बोलणे किंवा तोंड वाकडे होणे असेल, तर तो पक्षाघाताचा झटका समजा आणि लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यामुळे लक्षण नेमके किती वाजता सुरू झाले ते लक्षात ठेवा आणि रुग्णालयात सांगा.