गळावरचं भेंड

ज्वारीचं धांड सोललं की आत पांढरा, हलका गाभा निघतो. त्याला भेंड म्हणतात. मराठवाड्यातल्या पोरांनी त्याच्या गाड्या केल्या, बैल केले. कायगाव टोक्याला, प्रवरा जिथं गोदावरीला मिळते तिथं, एका म्हाताऱ्या भोई मामांना मी त्याच भेंडाचा बोटभर तुकडा गळाच्या दोरीला बांधताना पाहिलं. बांधून त्यांनी तो पाण्यात सोडला. अर्ध्याहून जास्त वर राहिला, तसा ओढून घेतला आणि दोरीवर शिशाची आणखी एक पत्री गुंडाळली. दुसऱ्या खेपेला टोक तेवढं वर उरलं. "आता माशाला ओझं कळत नाही," मामा म्हणाले.

सगळी विद्या या एका वाक्यात आहे. पाण्यावरचा तुकडा आमिष हव्या त्या खोलीवर धरतो, प्रवाहाबरोबर नेतो आणि मासा लागल्याची खबर देतो. पण तो फार वर तरंगत असेल, तर ओढताना माशाला अडसर जाणवतो आणि तो आमिष टाकून देतो. म्हणून शिसं इतकंच लावायचं की भेंड बुडता बुडता राहावं.

ही जाण आपल्या दख्खनात फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1130 च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात करमणुकींच्या विनोदविंशतीत 'मत्स्यविनोद' हा गळाने मासे धरण्याचा भाग आहे. त्यात सुमारे 35 जातींच्या माशांची नोंद आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या भागावर स्वतंत्र लेख लिहिला. नदीकाठी जन्म काढलेल्या माणसांकडून ऐकल्याशिवाय राजाने हे लिहिलं असेल, असं मला वाटत नाही. ग्रंथावर नाव मात्र राजाचंच राहिलं.

त्या माणसांची खूण भाषेत सापडते. गळाला संस्कृतात बडिश म्हणत. तो शब्द गेला, पण 'आमिष' राहिला. त्याचा मूळ अर्थ मांस. आज निवडणुकीच्या बातम्यांत तो रोज भेटतो. 'तरंड' या शब्दाला कोशांत भोपळ्यांवर तरंगणारा तराफा असा अर्थ दिलेला आहे. वाळके भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड नदी उतरायला कामाला येई. पोकळ भोपळा माणसाला तोलतो, हलकं भेंड गळाला तोलतं. माझ्या लेखी सांगड आणि भेंड एकाच घरातली.

इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने 1653 साली गळावर पुस्तक छापलं, तेव्हा तिथं दोरी घोड्याच्या केसांची आणि तरंगणारा तुकडा बुचाचा असे. पुढे तिथले शौकीन मोरपिसाच्या देठावर लुब्ध झाले. तो हलका, सरळ आणि टोकाकडे निमुळता असतो, त्यामुळे बारीकसा झटकाही दिसतो.

खरा पालट झाला तो दोरीत. सुती किंवा अंबाडीची दोरी पाणी पिते, जड होते, तुकड्याला खाली खेचते. म्हणून तो जाड घ्यावा लागे. 1938 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केलं आणि पुढे नायलॉनची दोरी, म्हणजे तंगूस, काठाकाठावर आली. ती सुतासारखी पाणी पीत नाही, माशाला सहज दिसत नाही. दोरी हलकी झाली, तसा वरचा तुकडा काडीएवढा बारीक चालू लागला. आज काठावर जुन्या स्लिपरचा तळवा कापून केलेलेही तुकडे दिसतात, आणि उत्तम चालतात.

नदी मात्र तीच राहिली नाही. 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडीची पायाभरणी केली, 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या भिंतीमागे नाथसागर उभा राहिला. तो भरला की फुगवटा कायगावपर्यंत येतो आणि वाहतं पाणी थबकतं. थबकलेल्या पाण्यात बारीक तुकडा आणि दोरीभर विखुरलेलं हलकं शिसं लागतं. पाणी ओसरून धार धरली की जाड तुकडा घ्यावा आणि शिसं गळाजवळ एकवटावं. तळाची धार वरच्यापेक्षा मंद असते. म्हणून तुकडा थोडा रोखत सोडला तर आमिष तळाच्या चालीने जातं. महागडी कार्बनची काठी घेणाऱ्याने आधी तासभर पाणी बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानात पाणी दिसत नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहते. भेंड कुजतं, अंबाडी कुजते, मोरपीस मातीला मिळतं. तंगूस कुजत नाही. नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात, आणि काठावर टाकलेल्या तंगुसाच्या गुंत्यात त्यांचे पाय अडकू शकतात. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गळ टाकू नका. इतरत्र बसाल, तेव्हा तुटलेली तंगूस वळकटी करून खिशात घाला आणि घरी आणा.