हसण्याची परवानगी

ऑक्टोबर १९९० मध्ये फ्लोरिडातील एका न्यायालयात ज्यूरीने न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवून विचारले, आम्हांला हसण्याची परवानगी आहे का? 'टू लाइव्ह क्रू' या रॅप गटावर अश्लील सादरीकरणाचा खटला चालू होता आणि त्यांच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ऐकवले जात होते. परवानगी मिळाली, पुढे गट निर्दोष सुटला.

बचावाच्या साक्षीदारांत समीक्षक हेन्री लुई गेट्स होते. 'द सिग्निफाइंग मंकी' (१९८८) या ग्रंथात त्यांनी आफ्रिकी-अमेरिकी वाङ्मयातील वक्रोक्तीची परंपरा उलगडली होती. कृष्णवर्णीय पुरुषाच्या कामुकतेविषयी गोऱ्या समाजाने जोपासलेल्या कल्पनांचेच ही अतिशयोक्ती विडंबन करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९९१ मध्ये खटल्यामागचा वर्णभेद मान्य केला. पण या विनोदाची झळ कृष्णवर्णीय स्त्रियांनाच लागते, हेही निक्षून सांगितले.

ती गाणी ऐकताना मला आजही हसू फुटते आणि लगेच ओशाळल्यासारखे होते. गेट्स यांचे विवेचन त्या हसण्याचा उलगडा करते, क्रेनशॉ यांचे त्या ओशाळण्याचा. दोन्ही खरी आहेत. न्यायालयापुढे मात्र प्रश्न फक्त पहिल्याचाच होता.