झोपलेल्या प्रोसेसरला जागे कोण करणार? संगणकातील घड्याळाचा आणि निद्रेचा इतिहास

१/
घटिकापात्राच्या काळी वेळ राखणाऱ्या माणसाला जागे राहावे लागे. बारीक छिद्राचे भांडे पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, सरली. पण टोला देणाराच झोपी गेला तर? आधुनिक संगणकापुढेही हाच पेच उभा राहिला. वीज वाचवायची तर प्रोसेसरने झोपले पाहिजे. वेळ राखायची तर कोणीतरी जागे राहिले पाहिजे. या दोन गरजांच्या भांडणाचा हा इतिहास.

२/
आधी एक भेद ध्यानात घ्यावा. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. त्याला दोन प्रकारची घड्याळे लागतात. पहिले वाचायचे घड्याळ : आत्ता किती वाजले, हे सांगणारे. दुसरे गजराचे : ठरल्या क्षणी प्रोसेसरला हलवून उठवणारे. यांपैकी वाचायचे घड्याळ बिघडले तर वेळ खोटी ठरते. गजर बिघडला तर झोपलेला उठतच नाही. पुढची सारी कथा या दोन बिघाडांभोवती फिरते.

३/
ऑगस्ट १९८१. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. त्यातील मुख्य स्फटिक सेकंदाला सुमारे १ कोटी ४३ लाख १८ हजार वेळा कंप पावे. हा आकडा अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीच्या रंगसंकेताच्या चौपट होता. त्याला ३ ने भागून प्रोसेसरची गती मिळे, १२ ने भागून इंटेलच्या ८२५३ या टायमर-चिपची : सेकंदाला सुमारे ११,९३,१८२. चिपची मोजणी ६५,५३६ वर पुरी होई, म्हणून ठोका सेकंदाला सुमारे १८.२ वेळा पडे. दूरचित्रवाणीच्या सोयीतून जन्मलेला हा विचित्र आकडा पुढे अनेक दशके टिकला.

४/
१९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले. त्यानेही याच जातीच्या चिपवर गजर लावला, सेकंदाला १०० ठोके. प्रत्येक ठोक्याला प्रोसेसर हातचे काम बाजूला ठेवी, घड्याळ १० मिलिसेकंदांनी पुढे सारी, कोणाची पाळी आली ते पाही आणि पुन्हा कामाला लागे. काम असो वा नसो, ठोका पडायचाच. यंत्र भिंतीतील विजेवर चाले तोवर त्याची खंत कोणाला नव्हती.

५/
१९९३ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरने एक नवे घड्याळ आणले : टाइम स्टॅम्प काउंटर, म्हणजेच टीएससी. प्रोसेसरच्या प्रत्येक आवर्तनाला एकाने वाढणारा हा ६४ बिटांचा आकडा. तो प्रोसेसरच्या पोटातच असल्यामुळे बाहेरच्या चिपकडे विचारणा करायला नको. एका आज्ञेत उत्तर हाती. इतके बारीक आणि इतके स्वस्त घड्याळ पूर्वी नव्हते. पण त्यामागे एक गृहीतक दडले होते : प्रोसेसर सदैव एकाच गतीने चालतो आणि कधीही थांबत नाही.

६/
ते गृहीतक लॅपटॉपने मोडले. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. त्यात निद्रेच्या पायऱ्या ठरल्या. सी-० म्हणजे जागेपण. सी-१ म्हणजे डुलकी. सी-२ त्याहून खोल. सी-३ म्हणजे गाढ झोप. पायरी जितकी खोल तितकी बचत अधिक, आणि उठायला लागणारा वेळही अधिक. प्रश्न इतकाच होता, की गाढ झोपेत प्रोसेसरच्या पोटातील घड्याळाचे काय होणार?

७/
उत्तर सोपे होते आणि वाईट होते : ते थांबे. त्या काळच्या अनेक प्रोसेसरांत सी-३ मध्ये टीएससी गोठून जाई. जाग आल्यावर मोजणी जणू मधला काळ गेलाच नाही अशी पुढे सुरू होई. त्यात २००० साली इंटेलने लॅपटॉपसाठी स्पीडस्टेप आणले. प्रोसेसर आता गरजेनुसार गती बदलू लागला, आणि त्याच्याबरोबर टीएससीचा सेकंदही लांबू-आखडू लागला. वाचायचे घड्याळ खोटे ठरले, ते असे.

८/
२००५ मध्ये पेच आणखी वाढला. एएमडीच्या अॅथलॉन ६४ एक्स-२ मध्ये एकाच चिपवर दोन गाभे होते आणि प्रत्येकाचा टीएससी स्वतंत्र. वीज वाचवण्यासाठी गाभे वेगवेगळ्या वेळी विसावत, म्हणून दोन मोजण्यांत हळूहळू अंतर पडे. एखादा कार्यक्रम एका गाभ्यावरून दुसऱ्यावर गेला की त्याच्या दृष्टीने काळ मागे जाई. विंडोजवरील खेळांतील पात्रे अडखळू लागली, उड्या मारू लागली. एएमडीला त्यावर उतारा म्हणून एक स्वतंत्र सॉफ्टवेअर द्यावे लागले.

९/
पर्यायी घड्याळे होती. एसीपीआयचा पॉवर मॅनेजमेंट टायमर सेकंदाला ३५,७९,५४५ ठोके मोजे. हा थेट त्याच जुन्या दूरचित्रवाणीच्या रंगसंकेताचा आकडा. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एचपीईटी हा नवा टायमरही आखला. ही दोन्ही घड्याळे प्रोसेसरच्या बाहेर असल्याने त्याच्या झोपेचा त्यांवर सहसा परिणाम होत नसे. पण बाहेरचे घड्याळ वाचणे म्हणजे दर वेळी उठून वेशीपर्यंत जाऊन येणे. सेकंदाला लाखो वेळा वेळ विचारणाऱ्या सर्व्हरला ते परवडणारे नव्हते.

१०/
दुसरीकडे गजर स्वतःच झोपेचा वैरी ठरला. डिसेंबर २००३ मधील लिनक्स २.६ ने ठोके १०० वरून १,००० वर नेले. कामाची आखणी अधिक बारीक झाली, पण रिकाम्या प्रोसेसरलाही दर मिलिसेकंदाला उठावे लागू लागले. गाढ झोपेत शिरायचे आणि त्यातून बाहेर यायचे, यातच बचत संपे. लॅपटॉपवाल्यांनी तक्रार केली, ध्वनी आणि चित्रफितींवर काम करणाऱ्यांनी विरोध केला. ऑगस्ट २००५ मध्ये तडजोड झाली : आकडा निवडण्याची मुभा, आणि काहीच न निवडल्यास २५०. ती तडजोड होती, उत्तर नव्हे.

११/
खरे उत्तर २००६-०७ मध्ये आले. जॉन स्टुल्ट्झ यांनी वेळ वाचण्याची व्यवस्था नव्याने रचली. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी गजराची. वाचायचे घड्याळ आणि गजराचे घड्याळ हे दोन वेगळे अधिकारी आहेत, हे कर्नलच्या रचनेतच मान्य झाले. त्यामुळे एप्रिल २००७ च्या लिनक्स २.६.२१ मध्ये नियमित ठोकाच रद्द करता आला. प्रोसेसरला काम नसेल, तर कर्नल पुढचे काम केव्हा आहे ते पाही, तेवढ्यापुरता एकच गजर लावी आणि निजे. उठल्यावर वाचायच्या घड्याळाकडे पाहून मधला काळ भरून काढी.

१२/
पण येथे जुना पेच पुन्हा आडवा आला. प्रत्येक गाभ्याचा स्वतःचा गजर, म्हणजे लोकल एपीआयसी टायमर, सी-३ मध्ये गाभ्याबरोबरच झोपी जाई. उशाशी ठेवलेले घड्याळ माणसाआधी बंद पडावे, तसे. त्यावर कर्नलने पहारेकऱ्याची युक्ती काढली. गाढ झोपेत शिरण्यापूर्वी गाभा आपली उठायची वेळ बाहेरच्या एचपीईटीला किंवा १९८१ च्या त्या चिपच्या वारसाला सांगून ठेवी. तो पहारेकरी वेळ होताच हाक मारी. एक जागा, बाकी सारे निजलेले.

१३/
ठोका गेला तरी झोप लगेच लागली नाही. मे २००७ मध्ये इंटेलने पॉवरटॉप हे साधन प्रसिद्ध केले. त्यामागे आर्यन फान डे वेन होते. प्रोसेसर सेकंदाला किती वेळा उठतो आणि त्याला कोण उठवतो, याची यादी ते पडद्यावर मांडी. तेव्हा उघडे पडले, की काहीही घडलेले नसताना केवळ डोकावून पाहण्यासाठी कितीतरी कार्यक्रम सेकंदातून अनेकदा प्रोसेसरला हलवत होते. यादीत नाव दिसले की लेखकाला दुरुस्ती करणे भाग पडे. उघड हिशेबाने बरेच काम झाले.

१४/
जानेवारी २००८ च्या २.६.२४ आवृत्तीत निद्रेची पायरी निवडणारी स्वतंत्र व्यवस्था आली. तिचे गणित व्यवहारी आहे. पुढचा गजर कधी आहे? मागच्या काही झोपा खरोखर किती टिकल्या? या पायरीवरून उठायला किती वेळ लागतो, आणि किती काळ झोपले तर खर्च वसूल होतो? चुकून उथळ पायरी निवडली तर वीज वाया. चुकून खोल निवडली तर उत्तराला विलंब. हा अंदाज प्रत्येक गाभा सेकंदातून शेकडो वेळा बांधत असतो.

१५/
आणि टीएससी? त्याला कर्नलने पहाऱ्याखाली ठेवले. दर अर्ध्या सेकंदाला त्याची मोजणी एचपीईटीशी किंवा पॉवर मॅनेजमेंट टायमरशी ताडून पाहायची; फरक १६ मिलिसेकंदांच्या जवळपास चौपट, म्हणजे ६२.५ मिलिसेकंदांहून अधिक दिसला, की टीएससीला अविश्वसनीय ठरवून पदच्युत करायचे. त्यानंतर यंत्र बाहेरच्या संथ घड्याळावर चाले. वेळ खरी राही, पण तिची किंमत प्रत्येक विचारणेला मोजावी लागे.

१६/
हार्डवेअर घडवणाऱ्यांनीही धडा घेतला. २००७-०८ च्या सुमारास एएमडीने आणि पाठोपाठ नेहेलम पिढीत इंटेलने अचल टीएससी आणला : गती बदलो वा गाढ झोप लागो, मोजणी एकाच लयीत चालते. २००९ मध्ये लिनक्स अशा एपीआयसी टायमरची खूण ओळखू लागले, जो गाढ झोपेतही बंद पडत नाही. पहारेकऱ्याची गरज ओसरू लागली. वाटले, भांडण मिटले.

१७/
३० जून २०१२ च्या अखेरीस जागतिक वेळेत एक लीप सेकंद मिसळला गेला. भारतात तेव्हा १ जुलैची पहाट, साडेपाचचा सुमार होता. लिनक्सने आपले मुख्य घड्याळ सेकंदभर मागे घेतले, पण गजराच्या व्यवस्थेला ते कळवायचे राहिले. गजर एक सेकंद पुढे राहिले. ज्यांची मुदत सेकंदाहून कमी होती, ते लावताक्षणीच वाजू लागले. झोपायला निघालेले कार्यक्रम क्षणात उठत, पुन्हा निजत, पुन्हा उठत. रेडिट आणि मोझिला यांच्यासह अनेकांचे सर्व्हर विनाकारण पूर्ण वेगाने धावू लागले. उपाय साधा निघाला : घड्याळ पुन्हा एकदा हाताने लावणे.

१८/
काही वेळा काळाची चोरीही होई. यंत्राचे फर्मवेअर अधूनमधून कर्नलच्या नकळत प्रोसेसर ताब्यात घेते. आपण घेतलेला वेळ लपावा म्हणून काही फर्मवेअर काम झाल्यावर टीएससीचा काटा मागे फिरवत. नंतरच्या इंटेल प्रोसेसरांत अशा फेरफाराची नोंद ठेवणारी एक जागा आली, आणि २०१७ च्या लिनक्स ४.१० पासून कर्नल तिची तपासणी करून फेरफार दुरुस्त करू लागले.

१९/
सर्वांत विलक्षण कलाटणी २०१९ मध्ये आली. इंटेलच्या कॉफी लेक पिढीतील काही यंत्रांवर टीएससी वारंवार पदच्युत होत होता. तपासात आढळले, की दोष त्याचा नव्हताच. सारी चिप सर्वांत खोल निद्रेत गेली, की पहाऱ्यावरचा एचपीईटीच चुकत होता. आणि कर्नल त्या चुकलेल्या साक्षीवरून बिनचूक घड्याळाला दोषी ठरवत होते. त्या यंत्रांवर एचपीईटी बंद करण्यात आला. २०२१ च्या अखेरीस ठरावीक कसोट्या उतरणाऱ्या टीएससीवरचा हा पहारा लिनक्सने उठवला.

२०/
चार दशकांच्या या इतिहासात प्रत्येक घड्याळ कधी ना कधी खरे आणि कधी ना कधी खोटे ठरले. ते खोटे ठरले, कारण रचनाकारांनी गृहीत धरलेली परिस्थिती पुढच्या पिढीने बदलली. म्हणून कर्नलने कोणालाच कायमचा मान दिला नाही. पर्याय राखून ठेवले. आजही लिनक्सच्या यंत्रावर ‘करंट क्लॉकसोर्स’ नावाची एका शब्दाची फाईल असते. तीत बहुधा टीएससीचे नाव दिसेल. शेजारच्या फाईलमध्ये, गरज पडलीच तर, म्हणून थांबलेल्या जुन्या घड्याळांची नावे.

(धागा समाप्त)