वीतभर रेल्वे

१६ एप्रिल आला की मुलुंडच्या आमच्या गॅलरीत रेल्वे सुरू होते. १८५३ साली याच दिवशी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी निघाली: १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिने. माझ्याकडे वीतभर लांबीचे एकच. पाहुणीही एकच, सौ.

बॉयलरात पाणी, दिव्यात स्पिरिट, सिलिंडरला थेंबभर तेल. मग वाफ धरायची वाट बघत बसायचं. "एवढ्यात माझा चहा झाला असता," पाहुणी म्हणते. खरं आहे. तत्त्व एकच, चहाच्या भांड्यावरचं झाकण उडवणारी वाफ इथे दट्ट्या ढकलते, इतकंच.

१९२५ साली व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि लोकलची वाफ हळूहळू गेली. माझे वडील मात्र लांबच्या गाड्यांवर फायरमन होते. घरी आले की कपड्यांना तापल्या तेलाचा वास यायचा. मी नाक मुरडायचो.

आता गॅलरीत तोच वास येतो. चाकं फिरतात, आणि बघता बघता स्पिरिट संपतं. शेवटी मी शिट्टी देतो, नेमकी तेव्हाच फास्ट लोकल धडधडत जाते.

"वाजली का गं?"

"अहो, वाजली की!"

सौ. कधी खोटं बोलत नाही. १६ एप्रिल सोडून.